सातबारा बदलला, बाकीच्या वह्यांचं काय?

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या आवारात थोडा वेळ थांबलं, तरी एकाच वळणाच्या तक्रारी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. सातबाऱ्यावर नाव चढलं, पण सोसायटीत खातं अजून वडिलांच्याच नावावर आहे. कर्ज फेडून दोन वर्षं झाली, पण बोजा उतरलेला नाही. शेत नावावर आहे, आधार आहे, बँकेचं खातं आहे, तरी पीएम-किसानचा हप्ता थांबला. केळीचा विमा काढला, पण पीक पाहणीत त्या गटात पीकच दिसत नाही.

वरवर पाहता या चार तक्रारी चार खात्यांच्या आहेत. मुळात प्रश्न एकच आहे. घटना एकदाच घडते. तिची नोंद मात्र दहा वह्यांमध्ये करावी लागते आणि त्या दहा वह्या एका वेळी बदलत नाहीत. संगणकाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिल्या वर्षापासून शिकवला जातो: एकमेकांशी जोडलेल्या अनेक टेबलांमधल्या नोंदी एकत्र आणि सुसंगत कशा बदलायच्या? खानदेशातला शेतकरी हाच प्रश्न फाईल काखोटीला मारून जगतो. या लेखात त्याचा जमीन-अभिलेखांपुरता आढावा घेतला आहे: जुनी पद्धत काय होती, संगणकाने काय सुधारलं, जोड कुठे निखळतात आणि ते कसे सांधता येतील.

कागदाची शिस्त

खानदेशात जमिनीच्या नोंदींचा इतिहास संघर्षातून सुरू होतो. १८५२ मध्ये इंग्रजांनी महसुली मोजणी आणली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. मोजणी म्हणजे साऱ्यात वाढ, ही भीती त्यामागे होती. पुढे मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले. पण त्या नोंदींचा हेतू सारा वसूल करण्याचा होता. जमिनीवर कोणाकोणाचा कसला हक्क आहे, याची वेगळी नोंदवही मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली.

आज हे सगळं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली चालतं. गावच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यातला सातवा म्हणजे अधिकार अभिलेख, बारावा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर आले की तो सातबारा. ‘आठ-अ’मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. ‘सहा-क’ ही वारसांची नोंदवही, ‘सहा-अ’ ही वादातल्या प्रकरणांची. आणि या सगळ्यांच्या मधोमध सहावा नमुना, फेरफार नोंदवही.

या रचनेतला सर्वांत मोलाचा नियम असा, की सहामध्ये नोंद झाल्याशिवाय सातमध्ये अक्षर बदलायचं नाही. कलम १४९ प्रमाणे हक्क मिळालेल्या माणसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार धरायचा, त्याची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर प्रकरण ‘सहा-अ’मध्ये जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी, म्हणजे गावकऱ्यांचे सर्कल, नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक असतो. आजोबांचं नाव कधी लागलं, कोणत्या कागदावरून लागलं, हे त्या क्रमांकाचा माग काढत मागे जाऊन पाहता येतं.

आजच्या डेटाबेसशास्त्राच्या नजरेने पाहिलं तरी ही रचना पक्की आहे. बदलाची वेगळी वही, बदल करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, मंजुरीआधी ज्याच्यावर परिणाम होणार त्याला सूचना, आणि जुनी नोंद न पुसता नवी नोंद. दोष होता तो वेगाचा आणि पोहोचेचा. तलाठ्याची वही तलाठ्याच्याच कपाटात असे. फेरफार मंजूर झाला, पण सातला अंमल द्यायचा राहिला, किंवा सातला दिला आणि आठ-अला राहिला, असे प्रकार घडत. त्याच गावातल्या सोसायटीला, बँकेला, वीज कंपनीला त्या वहीतला बदल कळण्याचा एकच मार्ग होता: शेतकऱ्याने नक्कल काढून नेऊन देणं.

संगणकाचं उत्तर

१९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी माहिती टेबलांमध्ये मांडण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्याच्या पाठोपाठ आलेली मुख्य शिकवण सोपी आहे: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि बाकीच्या ठिकाणी तिचा फक्त क्रमांक द्यावा. खातेदाराचं नाव खातेदारांच्या टेबलात एकदाच. जमीन, पीक, कर्ज यांच्या टेबलांत फक्त त्याचा खाते क्रमांक. नाव दुरुस्त करायचं तर एका जागी केलं की सगळीकडे दुरुस्त दिसतं. तेच नाव पाच टेबलांत पाच वेळा लिहून ठेवलं, तर कधी ना कधी त्यातली दोन बदलतात आणि तीन तशीच राहतात.

तरीही काही बदल असे असतात, की ते एकाहून अधिक टेबलांत करावेच लागतात. विक्री झाली तर एकाचं क्षेत्र घटतं, दुसऱ्याचं वाढतं, फेरफाराची नोंद पडते. डेटाबेसच्या प्रमाणित भाषेत, एसक्यूएलमध्ये, बदलाचं एक वाक्य एका वेळी एकच टेबल बदलतं. काही प्रणाली जोडलेली टेबलं एकाच वाक्यात बदलू देतात, पण तो अपवाद. म्हणून अनेक वाक्यं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची. सगळी वाक्यं पार पडली तरच बदल कायम. मधलं एक जरी अडलं तरी सगळं पूर्ववत. जिम ग्रे यांनी ही कल्पना पक्की केली आणि १९८३ मध्ये हेर्डर व रॉयटर या जर्मन संशोधकांनी तिचे चार गुण एका सूत्रात बांधले: संपूर्णता, सुसंगती, अलिप्तता आणि टिकाऊपणा.

हे सगळं एका डेटाबेसच्या आत छान चालतं. महसूल, बँक, विमा कंपनी, वीज कंपनी अशा वेगवेगळ्या मालकांच्या डेटाबेसना मात्र एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणं व्यवहारात परवडत नाही. एकाचा सर्व्हर बंद पडला, तर सगळ्यांचं काम अडेल. तिथे दुसरी पद्धत लागते. पहिल्या कार्यालयाने बदल केला की त्याची वर्दी पुढच्यांना पाठवायची. प्रत्येकाने आपल्याकडे बदल करून पोच द्यायची. पोच आली नाही तोवर ती वर्दी यादीत प्रलंबित राहायची आणि पुन्हा पुन्हा पाठवली जायची. सरकारी कामात आवक-जावक आणि पोच या गोष्टी नव्या नाहीत. डेटाबेसांच्या जोडणीत मात्र त्या बहुतेक ठिकाणी राहून गेल्या.

खात्याच्या आत झालेलं काम

महाराष्ट्रात सातबारे संगणकावर आणण्याचं काम या शतकाच्या सुरुवातीला वेगाने झालं. २००८ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. २०१६ मध्ये त्याला ‘डिजिटल इंडिया’चं नाव मिळालं. हस्तलिखित सातबारे टंकताना क्षेत्राचे आकडे, नावं, बोजे यांत असंख्य चुका शिरल्या. त्या काढण्यासाठी एडिट मॉड्यूल आणि री-एडिट मॉड्यूल आलं, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं आणि संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचून दाखवला गेला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत हे लक्षात घेतलं, तर या कामाचं आणि ते पार पाडणाऱ्या तलाठ्यांचं श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं.

ई-फेरफार प्रणालीने जुन्या शिस्तीला संगणकाचा वेग दिला. तलाठी, ज्यांचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, फेरफार धरतात, नमुना ९ ची नोटीस निघते, मुदत संपते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की सात आणि आठ-अ दोन्ही एकाच वेळी बदलतात. अंमल द्यायचा राहिला, हा जुना रोग इथे बरा झाला. दुय्यम निबंधक कार्यालयातली आय-सरिता प्रणाली ई-फेरफारशी जोडल्यामुळे खरेदीखत नोंदलं की माहिती आपोआप महसूल खात्याकडे जाते. निबंधकाने महसूल खात्याला कळवावं, असं कलम १५४ पूर्वीपासून सांगत होतं. ते आता खऱ्या अर्थाने अमलात येतं. ‘आपली चावडी’वर कोणीही गावातल्या प्रलंबित फेरफारांची स्थिती पाहू शकतो. ‘ई-हक्क’वरून वारस नोंद, बोजा चढवणं, बोजा कमी करणं यांचे अर्ज घरबसल्या करता येतात.

२०२० मध्ये बदललेला सातबाऱ्याचा नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. खाते क्रमांक पूर्वी इतर हक्कांच्या रकान्यात पडलेला असे. तो आता थेट नावाच्या आधी आला. मयत खातेदार, फिटलेले बोजे, संपलेले इकरार (कर्जासाठी जमीन तारण दिल्याच्या नोंदी) पूर्वी कंसात दाखवत आणि नवख्याला ते चालू आहेत असंच वाटे. आता त्यांवर आडवी रेघ असते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख कागदावर असते. त्या गटावर फेरफार प्रलंबित असेल तर तेही लिहिलेलं असतं, नसेल तर ‘प्रलंबित फेरफार नाही’ असं स्पष्ट म्हटलेलं असतं. हा शेवटचा शेरा छोटा दिसतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. ही नोंद पूर्ण आहे की बदलाच्या वाटेवर आहे, हे नोंदच सांगते. हा गुण पुढच्या यंत्रणांनी उचललेला नाही, हीच या प्रश्नाची खरी अडचण.

महसुलाच्या घरातलाच एक जोड अजून पुरता बसलेला नाही, तो नकाशाचा. सातबारा महसूल खात्याचा, गटाचा नकाशा भूमी अभिलेख खात्याचा. चार भावांची वाटणी झाली, सातबाऱ्यावर चार नावं आणि चार क्षेत्रं आली, पण पोटहिस्सा मोजणी होऊन नकाशात रेषा पडल्या नाहीत, तर नकाशात एकच गट राहतो. मग रस्त्यासाठी किंवा धरणासाठी संपादन निघतं तेव्हा कोणाची किती जमीन गेली, यावर भावाभावांत कोर्ट-कचेरी सुरू होते. तापी, गिरणा, वाघूर, सुलवाडे अशा प्रकल्पांच्या आणि राष्ट्रीय महामार्गांच्या या प्रदेशात हा प्रश्न किरकोळ नाही.

एका मृत्यूच्या नोंदी

सर्वांत जास्त वह्या बदलाव्या लागतात त्या खातेदाराच्या मृत्यूनंतर. समजा, रावेर तालुक्यातला एक केळी उत्पादक वारला. दोन गटांत जमीन, त्यातला एक गट भावांसोबत सामाईक. मागे पत्नी, दोन मुलगे आणि शिरपूरला दिलेली मुलगी.

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते. तिथून वर्दी कोणाकडे जात नाही. मुलगा दाखल्याची प्रत घेऊन वारसाचा अर्ज करतो. ‘सहा-क’मध्ये वारस नोंदले जातात, फेरफार होतो, सात आणि आठ-अ बदलतात. इथवर सगळं महसूल खात्यात. यानंतर मुलाची खरी पायपीट सुरू होते. विकास सोसायटीत सभासदत्व आणि इकरार वडिलांच्या नावावर. नवा इकरार झाल्याशिवाय पीककर्ज नाही. जिल्हा बँकेत खातं वेगळं. विहिरीवरच्या मोटारीची वीजजोडणी वडिलांच्या ग्राहक क्रमांकावर. पीएम-किसानमध्ये वडिलांची नोंद बंद करायची आणि आपली नवी करायची. फार्मर आयडी पुन्हा काढायचा. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज अर्ध्यात अडकलेला. घराची घरपट्टी, रेशनकार्ड ही आणखी दोन दारं. प्रत्येक दारात तोच मृत्यूचा दाखला, तोच सातबारा, तेच आधार. आणि प्रत्येक ठिकाणी मजकूर नव्याने टंकला जातो, म्हणजे चुकीला नवी संधी मिळते.

इतका खटाटोप समोर दिसल्यावर अनेक घरं वारस नोंदीकडेच पाठ फिरवतात. मग दोन पिढ्यांपूर्वीच्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर राहतं आणि पुढची प्रत्येक वही त्या चुकीच्या पायावर उभी राहते. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम यासाठीच होती. चावडी वाचनातून मयत खातेदारांच्या याद्या केल्या गेल्या, वारसांकडून कागद घेतले गेले आणि फेरफार झाले. पुढच्या टप्प्यात तगाई, बंडिंगचे बोजे, ‘अ.पा.क.’ आणि ‘ए.कु.मॅ.’ अशा कालबाह्य शेऱ्यांकडे लक्ष गेलं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ज्याच्यापुढे ‘अ.पा.क.’ शेरा आहे तो मुलगा आज स्वतः आजोबा झालेला असतो. वय वाढलं, पण नोंद सज्ञान झाली नाही.

या साखळीत सर्वांत जास्त नुकसान होतं ते बाईचं. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती केली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. पण जुन्या सातबाऱ्यांवर विधवेचं आणि मुलींचं नाव भोगवटादाराऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेलं सापडतं. पुढच्या यंत्रणा बहुधा भोगवटादाराचा रकानाच वाचतात. मग शेत कसणारी, निंदणी-कापणी करणारी बाई कर्जाच्या, अनुदानाच्या, विम्याच्या एकाही टेबलात उतरत नाही. एका रकान्याची निवड पुढच्या साऱ्या वह्यांत झिरपते, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या सातपुडा-सह्याद्रीच्या पट्ट्यांत २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तो हक्क पुढच्या नोंदीत उतरवताना दुसरं नाव गळू नये, याकडे बारकाईने पाहायला हवं.

माणूस एक, नावं अनेक

वह्या जोडायच्या तर दोन्हींकडे समान असा एखादा क्रमांक हवा. सातबाऱ्यात गट आणि खाते क्रमांक, बँकेत खाते क्रमांक, पीएम-किसानमध्ये आधार, वीज कंपनीत ग्राहक क्रमांक. समान काही नाही. म्हणून सगळा भार नावावर पडतो. आणि खानदेशात नाव हा अतिशय कच्चा दुवा आहे. एकाच माणसाचं आडनाव जुन्या सातबाऱ्यावर ‘पाटील’, शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव; एकीकडे वडिलांचं नाव ‘ओंकार’, दुसरीकडे ‘ओमकार’; कुठे ‘नाना’, ‘आप्पा’ ही घरातली हाकच कागदावर चढलेली. माणसाला हे एकच वाटतात, यंत्राला ती दोन माणसं दिसतात.

जमिनीच्या क्रमांकाचंही तसंच. जमीन एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुनी खरेदीखतं जुन्या नंबरावर, सातबारा नव्या नंबरावर. गावांची आणि जिल्ह्यांची ओळखही बदलत गेली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे ते जळगाव आणि धुळे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. ज्या नोंदीत जिल्ह्याचं आणि तालुक्याचं नाव हीच ओळख होती, तिथे अशा प्रत्येक बदलानंतर हजारो ओळी बदलाव्या लागतात आणि त्यातल्या काही सुटतात. म्हणून गावाला कायमचा क्रमांक हवा, जो नाव किंवा जिल्हा बदलला तरी बदलत नाही. सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत एलजीडी कोड आला, तो याच विचाराने. ओळखीच्या क्रमांकाला अर्थ नसावा, हा डेटाबेसचा जुना धडा आहे. ज्याला अर्थ असतो, तो आज ना उद्या बदलतो.

माणसांसाठी असा क्रमांक देण्याचा प्रयत्न म्हणजे ॲग्रीस्टॅकचा फार्मर आयडी. महाराष्ट्रात ही नोंदणी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. शेतकरी, पेरलेलं पीक आणि गावाचा नकाशा अशा तीन नोंदवह्या त्यात जोडायच्या आहेत. दिशा योग्य आहे. पण आयडीखाली जोडलेला सातबाराच जुना असेल, तर आयडी नव्या कागदावर जुनी चूकच छापेल.

कर्ज, हप्ता आणि केळीबाग

कर्जमाफीच्या दोन योजनांनी याच प्रश्नाची दोन रूपं दाखवली. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांकडून ६६ रकान्यांत मागवलेली माहिती यांची सांगड घालायची होती. दोन्हीकडची नावं, आधार, खाती जुळेनात. याद्या अडकल्या, दिवाळीच्या सुमारास गोंधळ झाला. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम बदलला. आधी बँकांनी माहिती भरली, यादी गावात लागली आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करताना समोर दिसणारी रक्कम मान्य की अमान्य, ते सांगायचं ठरलं. अमान्य असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद. जोडलेली माहिती वापरण्याआधी ज्याची आहे त्याला दाखवणं, एवढ्या एका बदलाने केवढा फरक पडला, हे धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये.

पीएम-किसानमध्ये वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. जमिनीची नोंद अद्ययावत, ई-केवायसी आणि आधारशी जोडलेलं बँक खातं या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हप्ता पडतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेतलेल्याला लाभ नाही, पण वारसाने मिळालेल्याला आहे. म्हणजे फेरफाराचा प्रकार काय, हेसुद्धा पुढच्या टेबलात नीट पोचायला हवं. ‘वारस’ऐवजी दुसरा प्रकार गेला, तर पात्र माणूस अपात्र ठरतो.

जळगाव जिल्ह्याचं खास दुखणं केळीचं. पिकांची नोंद हंगामानुसार होते आणि महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं चालतं. केळी या चौकटीत बसत नाही. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. बाग वर्षाहून अधिक काळ उभी राहते आणि खोडवा धरला तर आणखी पुढे जाते. एकच बाग दोन महसुली वर्षांत मोडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून फोटोसह नोंद करतो. एखाद्या हंगामात ती राहिली, की उभी बाग असलेल्या गटात पीक दिसत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा मात्र नोव्हेंबरपासून पुढच्या जुलैपर्यंतचं थंडी, उष्णता, वादळ, गारपीट यांचं संरक्षण देतो. महसुलाचं वर्ष वेगळं, बागेचं वर्ष वेगळं, विम्याचं वर्ष वेगळं. लागवडीची पडताळणी सुरू झाली की ही तीन वर्षं एकमेकांवर आदळतात. इलाज शेतकऱ्याला दम देण्यात नाही. बहुवर्षायू पिकाची नोंद एकदा केली की ती काढेपर्यंत चालू राहील, अशी रचना करण्यात आहे.

सगळं आपोआप झालं तर?

मग सगळ्या वह्या एकदम जोडून एका बटणावर बदलून टाकाव्यात का? तेलंगणाने तसा प्रयत्न केला. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘धरणी’ पोर्टलवर शेतजमिनीचं दस्त नोंदणीचं काम तहसीलदाराकडे आलं आणि नोंदणी होताच फेरफार होऊ लागला. वेग मिळाला. पण आधीच्या नोंदीत चूक असेल, जमीन चुकीने व्यवहाराला मनाई असलेल्या यादीत गेली असेल, तर दुरुस्तीची आणि अपिलाची वाट अरुंद होती. तक्रारी साचत गेल्या. शेवटी २०२५ मध्ये ‘भू भारती’ कायदा आणून अपिलाची सोय परत आणावी लागली. जोडलेल्या यंत्रणेत बरोबर नोंद जितक्या वेगाने पसरते, तितक्याच वेगाने चुकीची नोंदही पसरते. आपल्या पंधरा दिवसांच्या नोटिशीचं मोल यावरून कळतं. ती मुदत म्हणजे वेळकाढूपणा नाही. ज्याचं नाव कमी होणार आहे त्याला नोंद बदलण्याआधी बोलण्याची ती संधी असते.

एस्टोनियाने वेगळा मार्ग धरला. २००१ पासून तिथल्या सरकारी नोंदवह्या ‘एक्स-रोड’ नावाच्या जोडणीतून एकमेकींना विचारतात. प्रत्येकीची मालकी वेगळी राहते, नागरिकाने एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा मागायची नाही, आणि आपली माहिती कोणी पाहिली हे नागरिकाला दिसतं. तो देश छोटा आहे आणि आपल्या अडचणी वेगळ्या. पण नोंदवही ज्याची त्याने सांभाळावी आणि इतरांनी तिची नक्कल ठेवण्याऐवजी तिलाच विचारावं, हे तत्त्व आपल्याला लागू पडतं.

काय करायला हवं

पहिली गोष्ट जबाबदारीची. वारस फेरफार प्रमाणित झाला, की सोसायटी, बँक, कृषी विभाग, वीज कंपनी यांना वर्दी देणं हे महसूल यंत्रणेचं काम ठरावं आणि प्रत्येकाने मुदतीत पोच द्यावी. ज्याने पोच दिली नाही त्याचं नाव ‘आपली चावडी’वर फेरफारासमोर दिसावं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ही पोच त्या कायद्याखालच्या सेवेत बसवता येईल.

दुसरी, न जुळलेली नोंद आणि अपात्र माणूस यांत फरक करण्याची. आज नाव जुळलं नाही की अर्ज ‘नामंजूर’ होतो. सातबाऱ्यावर जसा प्रलंबित फेरफाराचा शेरा असतो, तसा पुढच्या प्रत्येक यंत्रणेत ‘नोंद जुळणी प्रलंबित’ हा शेरा असावा; आणि जुळणी होईपर्यंत लाभ राखून ठेवावा, रद्द करू नये.

तिसरी, नावांच्या प्रकारांची नोंद करण्याची. एका खातेदाराची कागदोपत्री सापडणारी सगळी नावं त्याच्या क्रमांकाखाली एकदा जोडली गेली, तर तोच खुलासा त्याला दहा ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावा लागणार नाही. यंत्र यात मदत करेल, पण गावात बसून शेवटचा निर्णय माणसानेच घ्यायला हवा.

चौथी, दुरुस्तीची साखळी. कलम १५५ खाली लेखनचूक दुरुस्त झाली, तर ती दुरुस्तीही मूळ नोंदीच्याच वाटेने सगळीकडे पोचली पाहिजे. केंद्राच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती दुरुस्त आणि अद्ययावत करून घेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क गावपातळीवर उतरायचा, तर एका दुरुस्तीसाठी एकच अर्ज पुरायला हवा.

पाचवी गोष्ट सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त: दरवर्षी चावडी वाचन. भोगवटादाराचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना, दोन्ही मोठ्याने वाचले जावेत. मुली आणि विधवा त्या वेळी हजर असाव्यात. उभं पीकही त्यातच वाचलं जावं. ज्या चुका संगणकाला महिनोन्महिने सापडत नाहीत, त्या गावातल्या चार माणसांना ऐकताक्षणी कळतात.

१९६६ च्या कायद्याने फेरफाराला एक शिस्त घालून दिली: बदल नोंदवा, कळवा, थांबा, तपासा आणि मग अंमल द्या. ई-फेरफाराने ती महसूल खात्यापुरती पूर्णत्वाला नेली. पण शेतकऱ्याचं आयुष्य एका खात्यात मावत नाही. आज मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की फेरफार पूर्ण झाला, असं आपण म्हणतो. सोसायटीपासून विमा कंपनीपर्यंत शेवटच्या कार्यालयाची पोच येईल, त्या दिवशीच तो पूर्ण झाला असं म्हणायचं, एवढा एक नियम जरी शासनाने केला, तरी रावेरपासून साक्रीपर्यंत हजारो घरांची फरफट थांबेल. त्यासाठी लागणारं तंत्र पन्नास वर्षं जुनं आहे आणि जुळवायच्या वह्याही आपल्याकडे आहेत. ठरवायचं आहे ते एवढंच, की एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद नेण्याचं काम यापुढे शेतकऱ्याचं नाही, सरकारचं आहे.